ख्रिस्तभूमीची यात्रा आणि मराठी वाणी

तीर्थयात्रेचें वर्णन लिहिणें हें वरून दिसतें तितकें सोपें काम नाहीं. सामान्य प्रवासवर्णनकारास वाचकाला अपरिचित असलेली भूमि दाखवावयाची असते. यात्रावर्णनकारापुढें जो वाचक बसलेला असतो, त्यानें ती भूमि मनानें शंभर वेळां पाहिलेली असते. काशीस न गेलेल्या मनुष्याच्याहि मनांत काशी असतेच. ख्रिस्ती वाचकाच्या मनांतलें यरुशलेम तर त्याहूनहि रेखीव. कारण त्याच्या नित्यपाठाच्या ग्रंथांत त्या नगराच्या वेशी, टेकड्या, ओढे व तळीं नांवानिशीं आलेलीं आहेत. अशा वाचकापुढें प्रत्यक्ष भूमीचें चित्र मांडावयाचें म्हणजे त्याच्या मनांतील चित्राशीं गांठ पडणारच. ती गांठ टाळून लिहिलेलें यात्रावर्णन कितीहि भक्तिभावानें लिहिलेलें असो, तें वाङ्मय होत नाहीं.

येशू ख्रिस्ताच्या चरित्राशीं संबद्ध अशा स्थळांच्या यात्रेचीं जीं वर्णनें मराठींत नाताळच्या अंकांतून वा लहानशा पुस्तकांतून येतात, त्यांतील बहुतेकांचा सांगाडा ठरून गेल्यासारखा असतो. पहिल्या दिवशीं विमानतळावरील तपासणी, दुसऱ्या दिवशीं नासरेथ, तिसऱ्या दिवशीं गालील सरोवरांतील नौकाविहार, मग यार्देन, मग बेथलेहेम, मग कालवारी, आणि सरतेशेवटीं जैतुनाच्या लाकडाचे क्रूस कोठें स्वस्त मिळाले त्याची हकीकत. लेखकाच्या डोळ्यांस त्या ठिकाणीं पाणी आलें असेल याविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. परंतु त्या पाण्याचा ओलावा वाक्यांत उतरत नाहीं. 'मन भरून आलें', 'वर्णन करण्यास शब्द अपुरे पडतात' असलीं वाक्यें वाचलीं म्हणजे, शब्द अपुरे पडत असतां लेखणी उचलण्याची घाई कां झाली असावी, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हा दोष विमानयुगानें आणला असें मात्र कोणी समजूं नये. या यात्रेचें जें अगदीं आरंभीचें वर्णन आज उपलब्ध आहे, तें इ. स. ३३३ मधील, बोर्दो नगराच्या एका अनामिक यात्रेकरूचें. गॉल देशांतून निघून तो यरुशलेमास गेला आणि वाटेंतील मुक्काम, घोडे बदलण्याचीं ठाणीं व त्यांमधील अंतरें त्यानें इमानानें टिपून ठेविलीं. पवित्र भूमींत शिरल्यावर त्याची लेखणी किंचित् सैल होते खरी. पण एकंदरींत तें वेळापत्रकच. त्यानंतर अवघ्या अर्धशतकानें, सुमारें ३८१ ते ३८४ या काळांत, एजेरिया नांवाची एक स्त्री पश्चिमेकडून तिकडे गेली. तिनें आपल्या धर्मभगिनींना लिहिलेलें पत्रवजा वृत्त १८८४ सालीं इटलींतील अरेझ्झो येथें एका हस्तलिखितांत सांपडलें. त्याचा आरंभ व शेवट गहाळ झालेला आहे. जें उरलें आहे तें मात्र बहुमोल आहे. ही बाई जेथें जेथें जाते तेथें तेथें एक क्रम पाळते. प्रथम प्रार्थना, मग त्या स्थळाविषयींचा शास्त्रांतील उतारा त्याच स्थळीं उभें राहून वाचावयाचा, मग स्तोत्र, मग पुन्हां प्रार्थना. जागेचा अध्याय जागेवर वाचला गेल्यावांचून ती जागा पाहिली असें तिला वाटतच नाहीं. बोर्दोचा यात्रेकरू अंतरें मोजतो, एजेरिया अध्याय वाचते. आणि आम्हांस वाटतें, यात्रावर्णनाचे खरे प्रकार एवढे दोनच आहेत.

क्षेत्रमाहात्म्याची रीत ज्यास ठाऊक आहे त्यास एजेरियेच्या या क्रमाचें नवल वाटणार नाहीं. आम्ही राहतों त्या देवपुरांत पांझरेच्या कांठीं एकवीरा देवीचें मंदिर आहे, आणि चैत्र आला म्हणजे खानदेशांतून सप्तशृंगीच्या गडावर पायीं निघालेल्या भाविकांचे तांडे धुळ्यावरून पुढें मालेगांवाच्या वाटेस लागतात. त्यांतील एखाद्या शेतकऱ्यास गडाचें वर्णन करावयास सांगावें. गडाची उंची किती, पायऱ्या किती, हें तो सांगणार नाहीं. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषि देवीचें माहात्म्य गातात आणि तें नीट ऐकूं यावें म्हणून देवीनें मान किंचित् कलती केली आहे, हें तो सांगेल. ती मूर्ति त्यास कथेवांचून दिसतच नाहीं; आणि गंमत अशी कीं त्या कथेंत स्वतः देवीसुद्धां आपली कथा ऐकतच उभी आहे. अलीकडच्या काळांतील उदाहरण हवें असल्यास तेंहि नदीच्या पलीकडे धुळ्यांतच आहे. १९३२ सालीं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारीं विनोबांनीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें केलीं. साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं नसतीं, तर तुरुंगाची ती भिंत इतर कोणत्याहि तुरुंगाच्या भिंतीसारखीच राहिली असती. दगडाला क्षेत्र करते ती वाणी.

ख्रिस्ती परंपरेंत यात्रेविषयीं एकमत कधींच नव्हतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. निसाचा ग्रेगरी हा चौथ्या शतकांतील मोठा धर्माचार्य. तो स्वतः यरुशलेमास जाऊन आला, आणि मग एका पत्रांत त्यानें यात्रेचा हव्यास धरणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली. स्थळ बदलल्यानें देव जवळ येत नाहीं, असें त्याचें सांगणें. जेरोम तर ३८६ पासून मरेपर्यंत बेथलेहेमांतच राहिला, तेथें बसून त्यानें बायबलाच्या लॅटिन भाषांतराचें काम केलें; आणि त्याच जेरोमानें एका स्नेह्यास असें कळविलें कीं स्वर्गाचें दार यरुशलेमांतून जितकें उघडें तितकेंच तें ब्रिटनमधूनहि आहे. आमच्या संतांनीं तीर्थांविषयीं जें सांगितलें त्याहून हें निराळें नाहीं. नामदेवांच्या तीर्थावळीचा तर सारा रसच यांत आहे कीं ज्ञानदेवांबरोबर यात्रेस निघालेल्या नामयाचा पाय पंढरींतून निघत नाहीं. आणि या वादाचें मूळ खुद्द येशूच्या चरित्रांतच आहे. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीनें त्यास विचारलें तें हेंच: उपासना या डोंगरावर करावी कीं यरुशलेमांत? त्यानें दोन्ही स्थळें बाजूस सारलीं. ज्याच्या जन्माचें व मरणाचें स्थळ शोधीत माणसें सोळा-सतराशें वर्षें चाललीं आहेत, त्यानें स्वतः स्थळाचें महत्त्व असें उणें करून ठेविलें आहे. यात्रावर्णनकारास ही अडचण जाणवली पाहिजे. जाणवली तरच त्याच्या लिहिण्यांत कांहीं ताण राहतो.

वाणी स्थळावर किती मात करते याचें एक विलक्षण उदाहरण यरुशलेमांतच आहे. येशू क्रूस घेऊन ज्या वाटेनें गेला ती म्हणून जी दुःखवाट यात्रेकरूंस दाखविली जाते, तिजवर चौदा स्थानें आहेत. यांपैकीं कित्येक प्रसंग चारी शुभवर्तमानांत कोठेंच नाहींत. येशू तीन वेळां पडला, वेरोनिकेनें त्याचें मुख पुसलें, हें भाविकांच्या ध्यानांतून वाढलेलें आहे. यरुशलेमास जाणें ज्यांस शक्य नव्हतें अशा युरोपांतील लोकांनीं आपापल्या गांवीं ही वाट प्रतीकरूपानें मांडली, प्रार्थना रचल्या, स्थानांची संख्या कधीं कमी कधीं जास्त धरली; १७३१ सालीं पोप बारावा क्लेमेंट यानें ती चौदा अशी कायम केली. आणि मग युरोपांतून येणारे यात्रेकरू आपल्या पुस्तकांतील तीं स्थानें यरुशलेमाच्या गल्ल्यांत शोधूं लागले, तेव्हां ती वाट हळूहळू त्या पुस्तकांप्रमाणें लागत गेली. नक्कल मुळावर बसली! गोव्यांतील किंवा वसईंतील एखाद्या चर्चच्या भिंतीवर जीं चौदा चित्रें टांगलेलीं असतात, त्यांजपुढें गुडघे टेकणारी म्हातारी आणि यरुशलेमाच्या गल्लींतून क्रूस वाहणारा यात्रेकरू यांत अस्सल कोण, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सरळ नाहीं.

इतकी प्रस्तावना करण्याचें कारण असें कीं, मराठींतील ख्रिस्तभूमीच्या यात्रेचें उत्तम वाङ्मय प्रवासाच्या पुस्तकांत शोधणाराची निराशा होते. तें वाङ्मय आहे; पण तें प्रवासाच्या आधारावर लिहिलेलें नाहीं. त्यांतील पहिला ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्सचें 'ख्रिस्तपुराण'.

स्टीफन्स हा विल्टशायरकडील इंग्रज. रोम येथें तो जेझुइट संघांत शिरला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून गलबतांत बसला आणि आफ्रिकेस वळसा घालून त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोव्यास उतरला. त्याच्या वाटेवर बेथलेहेम नव्हतें. १६१९ मध्यें मरण येईपर्यंतचीं चाळीस वर्षें त्यानें बहुतेक साष्टींत काढलीं, आणि १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत त्याचें पुराण छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज हातीं नाहीं. हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनीं तें पुन्हां छापलें, आणि देवनागरी पेहराव त्यास १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांच्या हातून मिळाला. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या क्रमिक पुस्तकांतून इतक्या वेळां छापल्या गेल्या आहेत कीं पुष्कळ सुशिक्षितांस स्टीफन्सनें तेवढेंच लिहिलें असें वाटतें.

आमच्या मतें त्या स्तुतीपेक्षां ग्रंथाच्या आरंभींचा प्रसंग अधिक मोलाचा आहे. पाद्री मुलांस धर्मशिक्षण देत आहे; तेथें एक बाटलेला ब्राह्मण येऊन त्यास म्हणतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्या ठिकाणीं दुसरें कांहीं पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रश्न वाचतांना त्यामागील काळ डोळ्यांपुढें आणला पाहिजे. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन बसलें. साष्टींतील देवळांचा विध्वंस १५६७ मधला. त्याच सुमाराच्या वर्षांत मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. नदीपलीकडच्या मुलखांत पोर्तुगीजांचा अंमल पोंचत नव्हता. देव गेले, पुष्कळ भक्त त्यांच्यामागून गेले, आणि जे राहिले त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या माणसाचें पुराण गेलें त्याचें क्षेत्रहि गेलें होतें. नदीच्या पलीकडल्या तीरावर त्याचा कुलदेव आणि कदाचित् त्याचा चुलतभाऊ होता, आणि तेथें जाण्याची त्यास आतां बंदी होती. त्या माणसाच्या हातीं स्टीफन्सनें बेथलेहेमाचें माहात्म्य दिलें.

यांत अन्याय आहे तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. ख्रिस्तपुराण हें जेत्यांच्या पक्षाचें पुस्तक आहे, आणि जेथें जेथें तें जुन्या देवांस खोटें ठरवावयास लागतें तेथें तेथें त्यांतील काव्य सुकतें. तरी पण स्टीफन्सची थोरवी अशी कीं, आपल्या श्रोत्याचें काय गेलें आहे हें त्यास कळलें होतें. त्यानें त्यास प्रश्नोत्तरांची पोथी देऊन वाटेस लावलें नाहीं. त्यानें ओवी दिली, मधें शंका विचारणारे श्रोते दिले, आणि स्वर्गास वैकुंठ म्हणण्याचें धैर्य दाखविलें. साष्टीच्या शेतकऱ्यास यार्देन नदी आपल्या जन्मांत दिसणार नव्हती. पण ज्या चालीवर आजोबांनीं रामाचा वनवास ऐकला त्याच चालीवर येशूचें गालीलांतून यरुशलेमाकडे जाणें ऐकलें म्हणजे ती परकी नदी अंगणाजवळून वाहूं लागते. एजेरियेनें स्थळावर जाऊन अध्याय वाचला; स्टीफन्सनें अध्याय असा रचला कीं स्थळच श्रोत्यांपाशीं यावें. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकांची भाषाच सोडविण्याचा हुकूम काढला. भाषेंतून ही यात्रा घडते हें फिरंगी अधिकाऱ्यांसहि कळलें असावें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें 'ख्रिस्तायन' याच वाटेवरचें. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, अशा अर्थाचें त्यांचें बोलणें प्रसिद्धच आहे. काव्याचें नांव रामायणावरून घेतलें हें उघड दिसतें. परंतु 'अयन' या पदाकडे टीकाकारांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. अयन म्हणजे जाणें, मार्ग. ज्याच्या बालपणाचा व तरुणपणाचा कांहीं काळ नाशकांत गेला, त्या कवीस रामाच्या अयनाचीं स्थळें पुस्तकांतून शिकावीं लागलीं नव्हतीं. पंचवटी त्याच्या पायांखालचीच होती. रामचरित्र जसें पावलांनीं मोजावयाचें तसेंच येशूचरित्रहि, ही जाण त्या नांवांतच आहे. टिळक १९१९ सालीं वारले आणि काव्य अपुरें राहिलें. तें पुढें नेण्याचें मोठें काम लक्ष्मीबाईंनीं केलें. ज्या बाईस अक्षरओळख नवऱ्यानें लग्नानंतर करून दिली तिनें महाकाव्य हातीं घ्यावें, याचें आश्चर्य आजहि ओसरत नाहीं. मात्र लक्ष्मीबाईंची सरस कृति 'स्मृतिचित्रें' हीच. आणि नवऱ्यानें धर्म बदलल्यावर पंढरपुरास काढलेल्या दिवसांविषयीं त्या जें लिहितात, तें क्षेत्रांत राहूनहि माणूस किती एकटें असूं शकतें याचें वर्णन म्हणून कोणत्याहि यात्रावर्णनापुढें ठेवावें असें आहे.

या मालिकेंतील पंडिता रमाबाईंचें नांव वाचकांस अनपेक्षित वाटेल. कारण रमाबाईंनीं ना पुराण लिहिलें ना अयन. परंतु यात्रा म्हणजे काय हें त्यांच्याइतकें सोसून जाणणारें दुसरें मनुष्य आमच्या वाङ्मयांत नाहीं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. घरदार सोडून हें कुटुंब वर्षानुवर्षें हिंदुस्थानभर तीर्थें करीत पायीं हिंडलें. देवळांत, घाटांवर बसून पुराण सांगावें आणि श्रोते देतील त्यावर दिवस काढावे, हा त्यांचा क्रम. रमाबाई त्याच ओसऱ्यांवर वाढल्या आणि स्वतःहि पुराण सांगूं लागल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप दोघेंहि गेलीं. तीर्थाचें पाणी, तीर्थाची भूक आणि तीर्थाच्या पायरीवरील मरण या बाईनें पाहिलें होतें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेंतून आल्यावर १८८९ सालीं तेथील लोकस्थितीवर त्यांनीं मराठींत जें पुस्तक लिहिलें, त्यावरून प्रवासवर्णनाची लेखणी त्यांच्यापाशीं होती यांत संशय नाहीं.

मग त्या लेखणीनें ख्रिस्तभूमीचें काय केलें? रमाबाई हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या, आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून सबंध बायबल मुळावरून मराठींत उतरविण्याचें काम त्यांनीं आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविलें. १९२२ सालीं त्या गेल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. छापखान्याचें काम आश्रमांतील स्त्रियाच करीत. भाषांतर रमाबाईंनीं योजिलें तें पंडितांकरितां नव्हतें. ज्या बायकांस सोप्या मराठीपलीकडे कांहीं कळत नाहीं त्यांच्याकरितां तें होतें, आणि म्हणून संस्कृताचा भार व जुन्या धर्माच्या छटेचे शब्द त्यांनीं निग्रहानें टाळले. येथें स्टीफन्स व रमाबाई यांच्या वाटा फुटतात. साहेबानें वैकुंठ घेतलें; पुराणिकाच्या लेकीनें तसले शब्द दूर ठेविले. कोणाचें बरोबर? काव्यदृष्टीनें आम्ही निःसंकोचपणें स्टीफन्सकडे जातों, आणि रमाबाईंचें भाषांतर पुष्कळ ठिकाणीं खडबडीत लागतें हेंहि खरें. परंतु ज्या स्त्रीनें पुराणाच्या गोड शब्दांवर उपाशी दिवस काढले, तिला त्या शब्दांची गोडी नकोशी झाली तर तिला अरसिक म्हणणें आमच्यानें होणार नाहीं. हिंदुस्थानांतील तीर्थें तिनें पायांनीं पालथीं घातलीं. ख्रिस्ताच्या भूमीची तिची यात्रा व्याकरणांतून आणि कोशांतून झाली.

आतां प्रश्न राहतो तो आजच्या यात्रेकरूचा. स्टीफन्सच्या श्रोत्यास जें अशक्य होतें तें वसईच्या किंवा पुण्याच्या मध्यमस्थितींतील कुटुंबास आज आठ-दहा दिवसांत साधतें. तेव्हां पाहिलेल्या भूमीनें ऐकलेल्या भूमीशीं कांहीं बोलावें अशी अपेक्षा करणें वावगें नाहीं. यार्देनचेंच उदाहरण घ्यावें. पुस्तकांतली यार्देन महानदी. प्रत्यक्ष बाप्तिस्म्याच्या जुन्या स्थळापाशीं ती एक अरुंद, गढूळ ओढा आहे. पांझरेच्या कांठीं राहणाऱ्यास यांत विशेष धक्का बसूं नये. वर धरण झालें म्हणजे खालीं नदीचें काय होतें हें अक्कलपाड्यानें आम्हांस दाखविलें आहे. यार्देनचें पाणी तर इस्रायलनें १९६४ पासून गालील सरोवरांतूनच कालव्यानें व नळानें दूर नेलें, आणि सीरिया व जॉर्डन यांनीं तिच्या उपनद्या अडविल्या. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, १९६७ च्या युद्धानंतर तें जुनें स्थळ लष्करी हद्दींत गेलें, भोंवतीं सुरुंग पेरले गेले, आणि १९८१ पासून यात्रेकरूंसाठीं उत्तरेस सरोवराच्या तोंडाशीं यार्देनित नांवाचा दुसराच घाट बांधण्यांत आला. जुनें स्थळ नियमितपणें खुलें झालें तें २०११ सालीं. पांढरीं वस्त्रें लेवून यार्देनितच्या हिरव्या पाण्यांत बुडी मारणाऱ्या किती जणांनीं ही हकीकत लिहिली असेल? आणि ज्यानें ती लिहिली त्याची बुडी खोटी ठरते असेंहि नाहीं.

बेथलेहेमाचीहि गोष्ट अशीच आहे. जन्मस्थानाच्या चर्चचें दार इतकें ठेंगणें कीं मोठ्या मनुष्यास वांकल्याविना आंत जातां येत नाहीं. सारे वर्णनकार त्यास नम्रतेचें द्वार म्हणून त्यावर एक परिच्छेद खर्च करतात. घोडेस्वार व गाड्या आंत घुसूं नयेत म्हणून तें दार लहान करण्यांत आलें, हें सांगणारे थोडे. आंतील गुहेंतला चांदीचा तारा १८४७ सालीं नाहींसा झाला आणि त्यावरून माजलेली तेढ क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांत जमा झाली. २००२ सालीं याच चर्चला एकुणचाळीस दिवस वेढा पडला होता. नगराच्या उत्तरेस कांक्रीटची उंच भिंत आहे, आणि यरुशलेमांतून येणारी यात्रेकरूंची मोटार तिच्या फाटकांतूनच आंत येते. २०२३ च्या ऑक्टोबरांत युद्ध पेटलें आणि त्या वर्षींचा बेथलेहेमचा नाताळ रोषणाईवांचून गेला.

हें सारें यात्रावर्णनांत कशास, ही राजकारणाची बाब आहे, असें म्हणणारांस आम्ही विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाची आठवण देऊं. वरसईचा हा भिक्षुक १८५७ सालीं निघाला तो यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनें. काशीस त्यानें तीर्थविधि केले, आणि आईबापांकरितां गंगेची कावड खांद्यावर आणली. त्याचा भाव पक्का यात्रेकरूचाच होता. परंतु वाटेंत झांशी जळतांना त्यानें डोळे मिटून घेतले नाहींत. १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं प्रसिद्ध केल्यापासून तें पुस्तक मराठी माणूस वाचीत आला आहे तो त्या उघड्या डोळ्यांसाठीं. आणि त्यामुळें गंगेच्या कावडीचें पावित्र्य तिळभरहि उणें झालेलें नाहीं.

हे उघडे डोळे ख्रिस्तभूमीकडे वळल्याचें चिन्ह अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या लेखनांत दिसतें. दिब्रिटो २०२० च्या धाराशिवच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ सालीं ते वारले. त्यांच्या ग्रंथाचें नांव 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची'. कॅथलिक धर्मगुरूनें ख्रिस्तभूमीवर लिहावयास घ्यावें आणि 'यात्रा' या शब्दाआड 'संघर्ष' घालावा, इस्रायल-पॅलेस्टाइनच्या झगड्याचा इतिहास हाच विषय करावा, हें धाडस लहान नाहीं. मात्र तें पुस्तक प्रधानतः इतिहासाचें आहे. एजेरियेप्रमाणें स्थळावर अध्याय वाचणारें आणि गोडशांप्रमाणें वाटेवरचीं माणसें पाहणारें, असें एकाच वेळीं दोन्ही असणारें यात्रावर्णन मराठींत लिहिलें जावयास अद्याप वाव आहे.

तें लिहिणारानें बेथलेहेमांत एखाद्या सकाळीं मार्गदर्शकाची पाठ सोडून स्थानिक लोकांच्या उपासनेस जाऊन बसावें. बेथलेहेमचे मूळचे ख्रिस्ती लोक अरबी बोलतात. प्रार्थनेंत ते देवास 'अल्ला' म्हणून हांक मारतात, आणि येशूच्या जन्माची कथा त्याच भाषेंत ऐकतात. स्टीफन्सच्या वैकुंठास हंसणाऱ्या आमच्या कांहीं विद्वानांसहि त्या बांकावर घटकाभर बसविण्यास हरकत नाहीं.